मिक्वे, मनुका आणि मिस्सा: कॅथलिक संस्कारांची यहुदी मुळं

वाघोलीकर (धागाकर्ता)

इथे ख्रिस्ती विषयावर धागा निघाला की दहाव्या प्रतिसादापर्यंत तो धर्मांतरावर घसरतो. हा घसरू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

कॅथलिक चर्चचे संस्कार सात: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर (म्हणजे मिस्सा ही उपासना आणि तिच्यात भाकर घेणं, ते कम्युनियन), प्रायश्चित्त (आपलं कन्फेशन), रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतात की या सगळ्यांची पूर्वछाया जुन्या करारात आहे. नोहाचा जलप्रलय म्हणजे बाप्तिस्मा, रानात आकाशातून पडलेलं अन्न, मान्ना, म्हणजे कम्युनियन, मोशेचा भाऊ आणि पहिला महायाजक अहरोन म्हणजे धर्मगुरू. मुलं जोड्या लावतात, मार्क मिळवतात, विसरतात. हा वर्ग मीच घेतो, त्यामुळे तक्रार करायला दुसरं कोणी नाही. पण हल्ली वाटतं की जोड्या लावण्याच्या नादात मूळ गोष्ट निसटते. येशू, पेत्र, पौल हे सगळे यहुदी. जे पाणी, जी भाकर, जो प्याला त्यांच्या रोजच्या हातातला होता, तोच त्यांनी उचलला. वचनांची जुळवाजुळव नंतरची. म्हणून पूर्वछाया शोधायची तर ती त्या लोकांच्या चालीरीतींत शोधावी, असं माझं म्हणणं.

पाण्यापासून सुरू करतो, कारण इथे पुरावा जमिनीतून निघतो. जेरुसलेमच्या मंदिर-टेकडीच्या दक्षिणेला खडकात कोरलेली स्नानकुंडं भरपूर सापडली आहेत. पायऱ्या उतरायच्या, पूर्ण बुडायचं, वर यायचं. काही कुंडांच्या पायऱ्यांवर मधोमध बुटकी कड ठेवलेली दिसते: विटाळलेला माणूस एका बाजूने उतरणार, शुद्ध होऊन दुसऱ्या बाजूने चढणार. याला मिक्वे म्हणतात. नियम कडक. पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं, बादलीने ओतून भरलेलं चालत नाही. किमान चाळीस सआ, आजच्या मापाने काहीशे लिटर. बोटातली अंगठीसुद्धा काढायची, कारण पाणी आणि कातडी यांच्या मध्ये काहीच येता कामा नये.

आता गंमत बघा. यहुदी कायद्याचा मिश्ना हा संग्रह साधारण इ.स. २०० चा. त्यात मिक्वेच्या पाण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत: सगळ्यात खाली डबक्यातलं पाणी, सगळ्यात वर वाहत्या झऱ्याचं 'जिवंत पाणी'. आणि 'दिदाखे' ही ख्रिस्ती लोकांची फार जुनी नियमावली, जिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली, ती बाप्तिस्म्याबद्दल काय म्हणते? जिवंत पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट. तेही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे पाण्याची प्रतवारी करायची ही सवयच यहुदी आहे. आज आमच्या चर्चमध्ये बाळाच्या टाळूवर शिंपल्याने पाणी ओततात, ती या यादीतली शेवटची, नाइलाजाची पायरी.

फरकही मोठा आहे. मिक्वेत माणूस आयुष्यभर पुन्हा पुन्हा जातो, बाप्तिस्मा एकदाच. हे 'एकदाच' कुठून आलं? मला वाटतं सुंतेकडून. पौल कलस्सैकरांना लिहितो तेव्हा सुंता आणि बाप्तिस्मा एका दमात घेतो. आणि २५३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष पंचायतीपुढे आला. फिदस नावाच्या बिशपचं म्हणणं, सुंता आठव्या दिवशी होते, तर बाळाचा बाप्तिस्माही आठव्या दिवसाआधी नको. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतर बिशपांनी उत्तर दिलं, थांबायची गरज नाही. म्हणजे दोनशे वर्षांनंतरही लोक सुंतेच्या हिशोबानेच विचार करत होते.

मिस्साबद्दल प्रतिसादात लिहितो, नाहीतर इथेच संपूर्ण पुराण होईल.

सोनचाफा

छान सुरुवात. ख्रिस्ती धर्माबद्दल शाळेतल्या नाताळच्या नाटकापलीकडे काही माहीत नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न: पूर्वछाया म्हणजे भविष्यवाणी का? तेव्हाच्या लोकांना माहीत होतं की हे पुढच्या कशाची तरी खूण आहे?

खवचट_काका

सोनचाफा, तेव्हाच्या लोकांना काहीही माहीत नव्हतं. हे मागाहून सुचलेलं शहाणपण. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. तो एका यहुद्याशी वाद घालताना सांगतो की वल्हांडणाचं (म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणाचं) कोकरू भाजताना एक सळई उभी घालतात आणि एक आडवी, म्हणजे झाला क्रूस! या न्यायाने आमच्या गल्लीतला शीख कबाबवालाही संदेष्टा.

बादरायण संबंध लावायचे तर काहीही लावता येतं. शिवाय सातचा आकडाच बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड या धर्मपंडिताने पक्का केला. त्याआधी कोणी कमी मोजले, कोणी जास्त. मग मोशेने सातांची पूर्वछाया कशी दाखवली बुवा?

आणि वाघोलीकर, परक्या माणसाला यहुदी करून घेताना मिक्वेत बुडवायची रीत येशूच्या आधीची आहे याचा थेट लेखी पुरावा कुठाय? तुमचा मिश्ना तर दोनशे सालचा.

वाघोलीकर

काका, सळईचा मुद्दा मान्य, मलाही ते वाचताना हसू येतं. सोनचाफा, भविष्यवाणी आणि पूर्वछाया यांत चर्चही फरक करतं. भविष्यवाणी शब्दांतून सांगतात. पूर्वछाया म्हणजे घडलेली घटना किंवा केलेली कृती, जिचा पुढचा अर्थ मागे वळल्यावर दिसतो. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की आपले पूर्वज तांबड्या समुद्रातून गेले तेव्हा मोशेमध्ये बाप्तिस्मा पावले. समुद्र ओलांडणाऱ्यांना याची कल्पना नसणार, हे पौलालाही कळत होतं.

काका, परक्याच्या बुडीबद्दल मिश्नातच एक वाद नोंदवलाय, आणि तो शम्माय आणि हिल्लेल या दोन यहुदी गुरूंच्या पंथांच्या नावावर आहे, म्हणजे पहिल्या शतकातला. प्रश्न असा: वल्हांडणाच्या आदल्या दिवशी एखादा परका यहुदी झाला. त्याने बुडी मारून त्याच संध्याकाळी कोकरू खावं का? शम्मायवाले म्हणतात, बुडी मारावी आणि खावं. हिल्लेलवाले म्हणतात, सुंता सोडून आलेला हा थडग्यातून उठून आल्यासारखा, त्याला सात दिवस थांबवा. (सुंता 'सोडून' नव्हे, त्वचा सोडून, घाईत टंकलं.)

हा वाद वाचून मी चक्रावलोच होतो. कारण कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा परंपरेने होतो कधी? ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात. पाण्यातून वर आला की त्याच रात्री त्याला पहिलं कम्युनियन मिळतं. वल्हांडणाची वेळ, आधी बुडी, मग कोकरू. आणि पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाऊन उठणं. थडग्याची भाषा दोन्हीकडे! कोणी कोणाची उचलली हे सांगणं अवघड आहे, पण दोघं एकाच आळीत राहत होते एवढं दिसतं.

आळीवरून आठवलं. सीरियात फरात नदीकाठी दूरा युरोपोस नावाचं गाव होतं. २५६ च्या सुमारास ससानी सैन्याने वेढा घातला, तेव्हा गावकऱ्यांनी तट मजबूत करायला तटालगतची घरं मातीने बुजवली. त्यामुळे १९३०च्या दशकात उकरल्यावर ती आतल्या चित्रांसकट हाती लागली. एकाच तटालगत एक सिनॅगॉग (यहुद्यांचं प्रार्थनागृह) आणि एक घरगुती चर्च. सिनॅगॉगच्या भिंतीवर समुद्र ओलांडणारे इस्राएल लोक आणि दाविदाला अभिषेक करणारा शमुवेल. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या खोलीत विहिरीवरची शोमरोनी बाई, पाण्यावर चालणारा येशू, आणि दाविद-गल्याथ. दाविद दोन्हीकडे आहे!

खवचट_काका

दूरा युरोपोस माहीत नव्हतं. ठीक, अर्धा गुण दिला. सातच्या आकड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

रेवदंडेकर

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. घराणं रेवदंड्याचं, वाढलो ठाण्यात, सध्या मुक्काम अश्दोद. धागा वाचतोय, माहिती बरीचशी बरोबर आहे, पण आमच्या बाजूचं कोणीतरी बोलायला हवं.

पूर्वछाया म्हटलं की मला वाटतं आम्ही म्हणजे तुमच्या सिनेमाचा ट्रेलर. ट्रेलर संपल्यावर त्याच्यासाठी थेटरात कोण थांबतं? आम्ही मात्र थांबलोय, गेली दोन हजार वर्षं, आणि आमचा खेळ वेगळाच चालू आहे. मिक्वे ही आमच्याकडे कशाची छाया नाही. माझी बायको जाते ते मिक्वे पुरं मिक्वेच आहे.

दुसरं, मिस्सा म्हणजे सेडर असं तुम्ही लिहायच्या आत सांगून ठेवतो. वल्हांडणाच्या रात्रीचं आमचं जेवण, चार प्याले, मुलांनी विचारायचे प्रश्न, हा सगळा क्रम प्रथम मिश्नात दिसतो. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, कोकऱ्याचा बळी थांबला, आणि मग आमच्या रब्बींनी जेवणाचं ताट आणि गोष्ट यांवर सण उभा केला. आता ताटात कोकऱ्याच्या आठवणीचं भाजलेलं हाड तेवढं. येशूच्या वेळी मंदिर उभं होतं. त्याने जे खाल्लं ते आमच्या आजच्या सेडरपेक्षा बरंच वेगळं असणार. आणि ते वल्हांडणाचं जेवण होतं की आदल्या दिवसाचं, यावर तुमच्याच चार शुभवर्तमानांचं एकमत नाही. योहानाच्या हिशोबाने येशू मेला तो दिवस तयारीचा, कोकरं कापायचा.

मग जुनं काय? भाकरीवरचा आणि प्याल्यावरचा आशीर्वाद. तो नक्की जुना. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी शनिवारच्या विश्रांतीदिवसाचं स्वागत करायला किद्दुश होतो त्यात तोच म्हणतात. कोकणात द्राक्षं कुठली आणि वाइन कुठली! म्हणून बेने इस्रायल घरांत काळ्या मनुकांचं सरबत. आई गुरुवारी रात्री मनुका धुऊन भिजत घालायची, शुक्रवारी दुपारी हाताने कुस्करायची, पातळ फडक्यातून पिळून काढायची. बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत जांभळट. द्राक्षवेलीच्या फळाचा आशीर्वाद त्याच्यावर म्हणायचा, कारण मनुका हे वेलीचंच फळ. इथे इस्रायलमध्ये वाइनची दुकानं शेजारी असूनही शुक्रवारी आमच्याकडे सरबतच.

वाघोलीकर

रेवदंडेकर, तुमचीच वाट पाहत होतो. सेडरच्या मुद्द्यावर वाद नाही. मिस्साची मुळं एका सेडरमध्ये कोंबणं मलाही पटत नाही, आशीर्वादांत मात्र ती स्पष्ट दिसतात. १९७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथात धर्मगुरू भाकर उचलून म्हणतात: हे विश्वाच्या परमेश्वरा, तू धन्य आहेस, तुझ्या कृपेने ही भाकर आम्हाला मिळाली, भूमीचा उपज आणि माणसांच्या हातांचं काम. मग प्याला, द्राक्षवेलीचं फळ. ही प्रार्थना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर घातली, आणि ती तुमच्या बेराखांच्या, म्हणजे आशीर्वादांच्या, साच्यावर बेतलेली आहे. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी शेकडो माणसं ती ऐकतात आणि 'परमेश्वर सदा सर्वकाळ धन्य असो' म्हणतात.

त्याच्या पुढे 'पवित्र, पवित्र, पवित्र' येतं. ते यशयाच्या सहाव्या अध्यायातलं, आणि सिनॅगॉगच्या प्रार्थनेतही आहे. आधी वाचनं, मग प्रवचन, हा क्रमही सिनॅगॉगचा. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथला नेमका तेच करतो: उभा राहतो, यशयाची गुंडाळी उघडतो, वाचतो, गुंडाळून परत देतो आणि बसून बोलतो. म्हणजे मिस्साचा पहिला अर्धा भाग सिनॅगॉगकडून आलेला, दुसरा घरच्या जेवणाकडून. त्यावर मंदिरातल्या बळीची भाषा चढली. या तीन गोष्टी रोजच्या यहुदी जगण्यात वेगळ्या होत्या, आम्ही त्या एका तासात बसवल्या.

दिदाखेतली जेवणानंतरची प्रार्थनाही तुमच्या बिरकत हमाझोनच्या वळणावर जाते. पण त्याच पुस्तकात एक खोचक ओळ आहे. 'ढोंगी लोक' सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. शेजाऱ्यासारखंच करायचं, फक्त वार बदलून. वेगळं होण्याची घाई त्यात दिसते.

मलयाळी_सून

वसईचीच आहे, लग्न होऊन कोट्टयमला आले. सासरचे सिरो-मलबार कॅथलिक. इथे पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमधून आल्यावर घरी 'पेसहा अप्पम' असतं. तांदूळ आणि उडदाचं पीठ, आंबवायचं नाही, वाफवायचं. वर झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पानाचा क्रूस ठेवतात. सोबत नारळाचं दूध आणि गुळाचं 'पेसहा पाल'. घरातला सर्वांत मोठा पुरुष प्रार्थना म्हणून अप्पम मोडतो आणि वयाप्रमाणे वाटतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे करत नाहीत, शेजारी आणून देतात.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी पीठ आंबू देऊ नको म्हणून इतक्यांदा बजावलं की मला वाटलं इडलीचा राग आहे यांना. हे यहुद्यांकडून आलं का? इथले लोक ठामपणे हो म्हणतात.

रेवदंडेकर

मलयाळी_सून, पुरावा देणं कठीण, पण वर्णन वाचून आईला वाचून दाखवलं. तिची प्रतिक्रिया: "आंबवायचं नाही, बरोबरे." आमच्या जुन्या लोकांत वल्हांडणाला 'अनाशी ढाकण्याचा सण' म्हणत, आंबवलेल्या आंबटाचं भांडं झाकून ठेवायचं म्हणून. हिब्रू नावं रूढ व्हायच्या आधीची ही नावं. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, 'दारफाळणी'.

अवांतर: पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे सेडरला वाचायची पोथी, छापली गेली, चित्रांसकट. वल्हांडणाची गोष्ट मराठीत सांगणारे आम्ही काही कालचे नाही.

जोशी_डोंबिवली

सुंदर चर्चा. माझ्या अल्पमतीप्रमाणे दृढीकरण म्हणजे यहुद्यांचं बार मिट्झ्वा आणि आपली मुंज. तिन्हीकडे बारा-तेरा वर्षांचं पोर, तिन्हीकडे जबाबदारी. संस्कृती वेगळ्या, गाभा एकच.

वाघोलीकर

जोशीबुवा, दिसतं तसंच, पण इतिहास उलटा आहे. बार मिट्झ्वाचा सोहळा मध्ययुगातला. तेराव्या वर्षी जबाबदारी येते हा नियम जुना, समारंभ नाही. आणि दृढीकरणाचं वयाशी मुळात नातंच नव्हतं. सुरुवातीला बाप्तिस्मा झाला की लगेच तेल लावून बिशप डोक्यावर हात ठेवायचा. पूर्वेकडच्या चर्चमध्ये आजही तान्ह्या बाळालाच देतात. पश्चिमेत बिशप दर गावात पोचेना, म्हणून तो संस्कार वेगळा पडला आणि लांबला.

त्याचं यहुदी मूळ शाव्हुओत सणात आहे. वल्हांडणापासून पन्नासावा दिवस, सीनाय पर्वतावर अग्नीत नियमशास्त्र मिळाल्याची आठवण. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्या, असं प्रेषितांची कृत्ये सांगतात. रेवदंडेकर जास्त सांगतील.

रेवदंडेकर

सांगतो, आणि यात जोशीबुवांना गंमत वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सुधारक यहुद्यांनी प्रोटेस्टंट शेजाऱ्यांचं बघून 'कन्फर्मेशन' सुरू केलं, पुढे ते शाव्हुओतला करू लागले. म्हणजे इथे छाया तुमच्याकडून आमच्याकडे पडली.

नगरचा_मिशनवाला

मी प्रोटेस्टंट, त्यामुळे दोनच संस्कार मानतो: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. वाघोलीकरांच्या विवेचनाबद्दल आदर आहे, पण छाया हा शब्द जिथून आला ते इब्री लोकांस पत्र नीट वाचा. दहावा अध्याय म्हणतो की नियमशास्त्रात पुढच्या चांगल्या गोष्टींची छाया होती आणि ख्रिस्ताने एकदाच, कायमचं अर्पण केलं. छाया ज्याची पडली ती वस्तू म्हणजे स्वतः ख्रिस्त. एकदा वस्तू आली की पुन्हा याजक, पुन्हा वेदी, पुन्हा बळी कशाला? अहरोनाचा वारसदार म्हणून फादर उभे करणं म्हणजे छायेत परत जाणं.

वाघोलीकर

मिशनवाले, या धाग्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच. आमचं उत्तर असं की मिस्सा हा नवा बळी नव्हे, त्याच एका बळीत सहभाग. पण ते पटवायला इथे जागा नाही आणि पाचशे वर्षांत कोणाला जमलेलंही नाही.

इतिहासाच्या बाजूने एवढंच: नव्या करारातले मंडळीचे पुढारी 'वडील' म्हणवले जातात. हे सिनॅगॉगमधले वडील, मंदिरातले याजक नव्हेत. याजकपणाची भाषा मागून आली, पण फार उशिरा नाही. पहिल्या शतकाच्या शेवटी रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंतच्या पत्रात महायाजक, याजक, लेवी अशी मंदिरातली उतरंड शिस्तीचा दाखला म्हणून येते. आजच्या गुरुदीक्षेच्या प्रार्थनेत मोशेने निवडलेले सत्तर वडील आणि अहरोनाचे मुलगे, दोन्ही आहेत. चर्चने दोन्ही धागे एकाच दोरात वळले. ते बरोबर केलं का, हा तुमचा-आमचा वाद.

डोक्यावर हात ठेवणं मात्र निर्विवाद जुनं. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मोशे यहोशवावर हात ठेवतो. रब्बींची दीक्षाही त्यावरूनच.

रेवदंडेकर

आणि आमच्याकडे ती साखळी तुटली. मोशेपासून चालत आलेली म्हणून जी दीक्षा होती, ती रोमन काळानंतर खंडित झाली. १५३८ मध्ये गालीलातल्या सफेद (त्झफात) नावाच्या गावी रब्बी याकोब बेराब यांनी ती पुन्हा जोडायचा घाट घातला, जेरुसलेमच्या रब्बींनी विरोध केला, प्रकरण बारगळलं. आजच्या रब्बीचं प्रमाणपत्र म्हणजे शिकल्याची खूण. कॅथलिक बिशप आपली साखळी अखंड असल्याचं सांगतात, तेव्हा मला हेवा वाटतो की शंका येते, ठरवता येत नाही.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितेय. एवढ्या गोड चर्चेत एक कडू घोट. ज्या चर्चने वल्हांडणात मिस्साची पूर्वछाया पाहिली, त्याच चर्चच्या न्यायसभेने (इन्क्विझिशनने) गोव्यात १५६० पासून वल्हांडण पाळल्याच्या संशयावरून माणसं तुरुंगात घातली. यहुदी घराण्यातून ख्रिस्ती झालेले 'नवे ख्रिस्ती' हे तिचं पहिलं लक्ष्य. शनिवारी स्वच्छ कपडे, शुक्रवारी लावलेला दिवा, डुकराला नकार, एवढंही पुरायचं. वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याने भारतीय औषधींवर १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापला, तो १५६८ मध्ये मेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

'छाया' या कल्पनेची ही दुसरी बाजू. खरी वस्तू आल्यावर छायेला जगायचा हक्कच नाही, असं कोणी म्हणायला लागलं की संपलं. दुसऱ्या शतकात सार्दीसच्या मेलितोने वल्हांडणावर प्रवचन केलं. कोकरू आणि ख्रिस्त यांची जुळणी अप्रतिम, आणि त्याच दमात यहुद्यांवर देवाच्या खुनाचा आरोप.

वाघोलीकर

मांडवीकाठ, हे इथे यायलाच हवं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ ला 'नोस्त्रा एताते'मध्ये म्हटलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर टाकता येत नाही, आणि आजच्यांवर तर नाहीच. देवाने त्यांना टाकलं असंही म्हणायचं नाही. ओर्ताच्या बहिणीला त्याचा उपयोग नाही, हे खरं.

सोनचाफा

अंगावर काटा आला. विषय थोडा हलवते. कन्फेशनचं काय? यहुद्यांमध्ये फादरसारखं कोणाला जाऊन पाप सांगतात का?

रेवदंडेकर

नाही. योम किप्पूरला आम्ही पापं कबूल करतो, पण थेट देवाकडे आणि 'आम्ही' म्हणून. हिब्रू बाराखडीच्या क्रमाने पापांची यादी म्हणायची आणि प्रत्येक शब्दाला छातीवर मूठ आपटायची. मी चोरी केलेली नसली तरी 'आम्ही चोरी केली' म्हणायचं. आणि मिश्ना बजावते: माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरने फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढा. माझे आजोबा सणाआधी भावकीत फेरी मारून यायचे, जमिनीच्या वादातल्या चुलत्याकडेसुद्धा.

वाघोलीकर

छातीवर मूठ आमच्याकडेही आहे, मिस्साच्या सुरुवातीला, 'माझ्या अपराधामुळे' म्हणताना. पण फादरपुढे बसून सांगण्याचं मूळ शोधायचं तर लेवीयच्या पाचव्या अध्यायात जावं लागतं: ज्या बाबतीत पाप केलं ते कबूल कर, अर्पण आण, याजक तुझ्यासाठी प्रायश्चित्त करील. कबुली, अर्पण, याजक. मंदिर पडल्यावर तुमच्याकडे याजक गेला आणि कबुली राहिली; आमच्याकडे याजक नव्या रूपात परतला. जेरुसलेमची राख बघून रब्बी योहानान बेन झक्काय यांनी शिष्याला धीर दिला तो होशेयाच्या वचनाने: मला यज्ञ नको, दया हवी. मत्तयच्या नवव्या अध्यायात येशू हेच वचन परूशी या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांच्या तोंडावर टाकतो.

काका, तुमच्या सातच्या आकड्याचं उत्तर: मोशेने सात मोजले नव्हते, आणि माझ्या मते कोणी तसा दावा करूही नये. विवाहासाठी पूर्वछाया शोधायला मोशेची गरजच नाही, लग्न सगळीकडेच होतं. त्यातला करार आणि सात आशीर्वाद यहुद्यांत आणि आमच्यात जुळवता येतात, पण त्यांच्याकडे घटस्फोट आहे, आमच्याकडे नाही. तिथे माझी गाडी अडते.

खवचट_काका

चला, पाऊण गुण. आता ते तेल राहिलं. तीन-तीन संस्कारांत तेल फासता, त्याबद्दल अवाक्षर नाही.

वाघोलीकर

तीन नव्हे, चार. बाप्तिस्मा, दृढीकरण, गुरुदीक्षा, रुग्णाभ्यंग. पहिल्या तिन्हीत क्रिझ्म नावाचं तेल, ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम घालून केलेलं, बिशप वर्षातून एकदा पवित्र गुरुवारच्या सुमारास आशीर्वादित करतात आणि ते सगळ्या धर्मग्रामांत वाटलं जातं. रुग्णांचं तेल वेगळं, त्याचा आधार याकोबाच्या पत्रात.

क्रिझ्मची पूर्वछाया निर्गमच्या तिसाव्या अध्यायात, चक्क पाककृतीसकट: गंधरस पाचशे शेकेल (हे वजन), दालचिनी अडीचशे, सुगंधी वेखंड अडीचशे, तज पाचशे, आणि 'हीन' या मापाने एक माप ऑलिव्ह तेल. पण पुढची ताकीद वाचा. हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावायचं नाही, आणि असं दुसरं बनवेल त्याला लोकांतून काढून टाका. आणि आम्ही तर कोळ्याच्या, माळ्याच्या, रिक्षावाल्याच्या बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी तेल लावून म्हणतो, तू याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताचा अवयव. छाया म्हणावी तर इथे ती सरळ मोडलेली आहे. निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायात देव सगळ्या लोकांना 'याजकांचं राज्य' म्हणतो, त्याचा आधार घेऊन मोडलेली.

रेवदंडेकर

आमच्याकडे ते तेल आता नाहीच. तालमूद (मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) सांगतं, योशिया राजाने ते कराराच्या कोशाबरोबर लपवून ठेवलं. त्यामुळे दुसऱ्या मंदिराच्या सबंध काळात महायाजकाला अभिषेक झालाच नाही. आठ वस्त्रं अंगावर चढवली की तो महायाजक. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तेल लावायला घेतलं, तेव्हा जेरुसलेममध्ये ते बघितलेला एकही माणूस जिवंत नव्हता. त्यांनी ते मंदिरातून उचललं नाही, पुस्तकातून उचललं. तुमच्या मूळ लेखातल्या 'आधी चालीरीती, वचनं नंतर' या नियमाचं इथे काय करायचं ते तुम्ही बघा.